भांडण खरं, जोडणी कुणाची?

महोदय,

‘बिग बॉस मराठी’ २०१८ मध्ये सुरू झालं तेव्हापासून ‘हे सगळं आधीच लिहिलेलं असतं का?’ हा वाद घरोघरी चालतो. संहितेपेक्षा संकलनाकडे, म्हणजे चित्रित तुकडे निवडून जोडण्याकडे, बघायला हवं. घरातले कॅमेरे रात्रंदिवस चालू असतात. आपल्यापर्यंत पोचतो तासा-दीड तासाचा भाग. १९९९ च्या ‘बिग ब्रदर’ या मूळ डच कार्यक्रमापासून घडण हीच आहे. भांडणं लिहून द्यावी लागत नाहीत. फोन-घड्याळं काढून घेतली, शिधा मोजून दिला आणि डझनभर माणसं एका स्वयंपाकघरात कोंडली की चहा-साखरेवरूनही ठिणगी पडते. तो राग खरा असतो, म्हणून तर प्रेक्षक खिळून राहतो.

गफलत होते ती प्रतिक्रियांत. एक बोलतो, लगेच दुसरीने नाक मुरडलेलं दिसतं. ते नाक सकाळच्या वेगळ्याच गप्पांत मुरडलेलं असू शकतं. दोघं एकाच चौकटीत दिसल्याशिवाय विश्वास ठेवू नये. कपडे, केसांची ओल, पेल्यातलं पाणी जुळतंय का पाहावं. बोलणाऱ्याची नुसती पाठ दिसली आणि वाक्याच्या मध्येच आवाजाची पट्टी बदलली, तर दोन वेगळी वाक्यं जोडल्याची शंका जरूर घ्यावी. वर पार्श्वसंगीत चढवलं की सांधा कानाला कळतच नाही.

प्रेक्षक या तुकड्यांवर मतं देतात, माणसांना समाजमाध्यमांवर झोडपतात. वाहिन्यांनी प्रत्येक प्रतिक्रियेच्या दृश्यावर चित्रीकरणाचा दिवस आणि वेळ दाखवावी.

– एक चित्रसंकलक, ठाणे