आधी दुसरा स्लॉट बघा, मग प्रोसेसर

संपादक महोदय,

बारावीचा निकाल लागून अभियांत्रिकी आणि बीसीएचे प्रवेश सुरू झाले, की पणजी, म्हापसा, मडगावच्या दुकानांतून असेंबल संगणकाची कोटेशने घरोघरी येऊ लागतात. अलीकडे त्यांत एका मागणीची भर पडली आहे: एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स (ही दुसरी, फुकट मिळणारी संगणक प्रणाली), दोन्ही हवे. मागणी रास्त आहे. टॅली आणि ऑटोकॅडला विंडोज लागते, प्रोग्रामिंगचा अभ्यास लिनक्सवर सुटसुटीत होतो, आणि विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्याने घरातले जुने यंत्र बदलायला निमित्तही मिळाले आहे. कोटेशन मात्र जुन्याच साच्यातले असते. पहिल्या ओळीत दांडगा प्रोसेसर, मग काचेचे कॅबिनेट, रंगीबेरंगी पंखे, आणि अगदी तळाशी, कंपनीचे नाव न लिहिता, ‘एसएमपीएस 450 वॅट’ (एसएमपीएस म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा). ड्युअल बूटचे, म्हणजे दोन्ही प्रणाली असलेले, यंत्र जोडायचे तर ही यादी तळापासून वाचायला हवी.

पहिला निर्णय डिस्कचा. एकाच एसएसडीचे (हार्ड डिस्कऐवजी येणाऱ्या वेगवान डिस्कचे) दोन भाग करूनही दोन्ही प्रणाली बसतात; पण पहिलेच यंत्र असेल तर एक टीबीच्या एका डिस्कऐवजी 500 जीबीच्या दोन घ्याव्यात, चार पैसे जास्त गेले तरी. विंडोज स्वतःसाठी जे ईएफआय विभाजन (प्रणाली सुरू करणाऱ्या फायलींची जागा) करते ते बहुधा 100 एमबीचे असते. डिस्क एकच असली की लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, त्याच चिंचोळ्या जागेत बिऱ्हाड करतो. पुढे विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली किंवा मोठे अद्यतन झाले, की बूटचा क्रम बदलतो आणि मुलगा ‘लिनक्स उडाले’ म्हणून दुकानात येतो. लिनक्स असते जागेवरच, फक्त त्याच्या दाराचा पत्ता हरवलेला असतो. दोन डिस्क असल्या की प्रत्येकीचे दार वेगळे राहते, आणि यंत्र सुरू होताना एफ 11 किंवा एफ 12 दाबून (कळ मदरबोर्डप्रमाणे, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाप्रमाणे, बदलते) हवी ती डिस्क निवडता येते.

म्हणून मदरबोर्ड निवडताना आधी एम.टू स्लॉट (चपटी एसएसडी बसवायच्या खाचा) मोजावेत. इंटेलच्या एच610 वर्गातल्या बहुतेक स्वस्त बोर्डांवर असा स्लॉट एकच असतो. बी760 किंवा एएमडीच्या बी550, बी650 वर्गात सहसा दोन मिळतात. इथे एक खोच आहे. अनेक बोर्डांवर दुसरा एम.टू स्लॉट आणि एखाददुसरा साटा पोर्ट (केबलने डिस्क जोडायची जागा) एकाच वाहिनीवर असतात. दुसऱ्या स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी होते आणि ती बिघडली असा समज होतो. बोर्डाची पुस्तिका निर्मात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. त्यात कोणता पोर्ट बंद पडतो ते लिहिलेले असते. खरेदीपूर्वी ते एक पान वाचावे. स्लॉट एकच असेल तर लिनक्ससाठी अडीच इंची साटा एसएसडी पुरते. रोजच्या कामात फरक जाणवत नाही.

दुसरी गोष्ट वाय-फायची. कोटेशनमध्ये नुसते ‘वाय-फाय बोर्ड’ असे लिहिलेले असते. आत चिप कोणती, ते कोणी सांगत नाही. विंडोजवर सगळ्याच चालतात. लिनक्सवर इंटेलची एएक्स210 बिनतक्रार चालते आणि ती एएमडीच्या बोर्डावरही बसते. नावात एकाचाच फरक असलेली एएक्स211 मात्र फक्त इंटेलच्या ठरावीक बोर्डांवरच चालते, कारण तिचे अर्धे काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होते. रियलटेक आणि मीडियाटेकच्या काही चिपांना नवे कर्नल (लिनक्सचा गाभा) लागते. स्वस्त यूएसबी डोंगल तर शक्यतो टाळावेत: त्यांतल्या अनेकांचे ड्रायव्हर (तो भाग चालवणारे प्रोग्राम) हाताने बसवावे लागतात आणि कर्नल बदलले की पुन्हा बसवावे लागतात. ज्यांच्या घरी फायबरचा राउटर शेजारच्याच खोलीत आहे त्यांनी दहा मीटर लॅन केबल ओढावी आणि हा सगळा परिच्छेद विसरावा.

ग्राफिक्स कार्ड सगळ्यांना लागत नाही. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असले की अभ्यास, व्हिडिओ आणि हलके खेळ निभावतात. रायझन 5 5600जी हे त्याचे ओळखीचे उदाहरण, सहा कोर आणि 65 वॅट. पण साधा 5600 घेतला तर त्यात ग्राफिक्स नाही. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी एफ असेल तर तिथेही नाही. असा प्रोसेसर घेऊन मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली, तर पडदा काळाच राहणार. वेगळे कार्ड घ्यायचेच असेल तर लिनक्सच्या दृष्टीने एएमडी सोपे, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. मशीन लर्निंगसाठी कूडा (एनव्हिडियाची कार्डावर गणिते चालवण्याची प्रणाली) हवे असेल तर एनव्हिडिया घ्यावेच लागते. तिथे ड्रायव्हर वेगळा बसतो, आणि सिक्युअर बूट (सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हरच्या सहीची किल्ली यंत्रात एकदा नोंदवावी लागते. ड्रायव्हर बसवून पहिल्यांदा रीस्टार्ट केल्यावर जो निळा पडदा येतो तो बिघाडाचा नव्हे, त्या नोंदणीचा. घाईत ‘कंटिन्यू’ दाबले की ड्रायव्हर चढत नाही. बाजारात नुकतेच आलेले कार्ड कुठल्याही कंपनीचे असो, दोन वर्षे जुन्या लिनक्सवर ते धड चालेल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रोसेसरबद्दल खरे तर फार लिहिण्यासारखे नाही. सहा कोरचा, अलीकडच्या पिढ्यांतला कुठलाही घ्या. एएमडीच्या एएम4 सॉकेटवर डीडीआर4 रॅम, नव्या एएम5 वर फक्त डीडीआर5, आणि इंटेलच्या 12 ते 14 व्या पिढीत बोर्ड सांगेल ती. जुन्या साठ्यातला बोर्ड कधी कधी नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, तेव्हा बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून देण्याचे दुकानदाराकडून आधीच कबूल करून घ्यावे. रॅम 16 जीबी, तीही आठ-आठच्या दोन कांड्या. प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅमच वापरते, त्यामुळे एकाच कांडीवर त्याचा वेग चांगलाच घसरतो. चार खाचांच्या बोर्डावर दोन कांड्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. एएम5 चे नवे यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. ते रॅमची जुळवणी करत असते. घाबरून मागचे बटण बंद करू नये.

आता तळाची ओळ. काचेच्या कॅबिनेटवर खर्च करणाऱ्यांनी निदान तेवढाच एसएमपीएसवर करावा. वेगळे कार्ड नसलेले यंत्र पूर्ण भारावरही साधारण दीडशे वॅटच्या आत राहते. 170 वॅटचे आरटीएक्स 3060 लावले तरी तीनशेच्या आसपास. म्हणजे 80 प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा) असलेले नावाजलेल्या कंपनीचे 550 वॅट पुष्कळ झाले. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ येणाऱ्या डब्यावरचा आकडा मात्र बहुतेकदा छापण्यापुरताच असतो. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या निघणाऱ्या, एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत: कनेक्टर बसतो, पण आतली तारांची रचना वेगळी असते आणि डिस्क जागीच जळते. आणि प्रोसेसरजवळची आठ पिनांची केबल लावायला विसरले तर पंखे फिरतात, पडदा येत नाही. ‘बोर्ड गेला’ म्हणून परत आलेल्या बोर्डांना बरेचदा एवढेच झालेले असते.

एसएमपीएस चांगला आणि घरात अर्थिंग नाही, ही आपल्याकडची जोडी फार आढळते. जुन्या कौलारू घरांत वायरिंग वाढवताना तिसरी पिन नुसती शोभेला ठेवलेली असते. एसएमपीएसच्या आतले फिल्टर कॅपॅसिटर तेव्हा कॅबिनेटच्या पत्र्यावर 230 व्होल्टच्या निम्मा दाब आणून ठेवतात. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसती झिणझिणी येते. पण एचडीएमआय किंवा केबल टीव्हीची तार जोडताना हाच दाब पोर्ट जाळू शकतो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्यावा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर आधी अर्थिंग, मग संगणक. यूपीएस घेताना व्हीएकडे नव्हे, वॅटकडे बघावे: 600 व्हीएचा साधा यूपीएस सुमारे 360 वॅटचा असतो. मे-जूनच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांत यूपीएसवर विसंबू नये. प्लग काढावा, राउटरची तारही.

हवा हा आणखी एक भाग, तो कोटेशनमध्ये येत नाही. पावसाळ्यात गोव्यातल्या हवेचा दवबिंदू 24-25 अंशांच्या आसपास असतो. एसी 20 वर ठेवून खोली थंड केली आणि मग खिडकी उघडली, तर थंडगार बोर्डावर दव धरते. तेव्हा यंत्र लगेच सुरू करू नये. किनाऱ्याकडच्या गावांत खारा वारा त्यात भर घालतो; रॅमच्या पट्ट्यांवर थर चढून यंत्र अधूनमधून बीप देते ते यामुळेच. रॅम काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवली की बहुतेकदा सुटते. पावसात यंत्र महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालवणे बरे. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये आणि मागच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या सोडू नयेत: उबेला येणारी पाल आणि मुंग्या एसएमपीएसमध्ये शिरून शॉर्ट करतात, आणि ती वॉरंटी कुठलीच कंपनी देत नाही.

प्रणाली बसवण्याचा क्रम असा ठेवावा. आधी बायोसमध्ये साटा एएचसीआय या पद्धतीवर ठेवा. इंटेलच्या बोर्डावर व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळण्याची वेगळी पद्धत) चालू असेल तर बंद करा. हे विंडोज टाकण्यापूर्वीच करायचे, कारण नंतर बदलले की विंडोज चढत नाही. मग फक्त पहिली डिस्क बसवून विंडोज. ती काढून, फक्त दुसरी बसवून लिनक्स. स्क्रू दोनदा काढण्याचा कंटाळा करू नये: दोन्ही डिस्क लावलेल्या असल्या तर एकाचे बूटलोडर दुसऱ्याच्या डिस्कवर जाऊन बसण्याचा प्रकार दोन्ही बाजूंच्या इन्स्टॉलरकडून होतो, आणि दोन डिस्क घेतल्याचा अर्थच उरत नाही. शेवटी दोन्ही एकत्र लावाव्यात.

त्यानंतर विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, नाहीतर विंडोज खरे बंद होत नाही आणि त्याची डिस्क लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरती उघडते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेले नवे विंडोज 11 डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करू शकते. तिची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण बायोसमध्ये काही बदलले की ती विचारली जाते. लिनक्समधून परतल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बोर्डाची बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितले की झाले. एक धोका दोन डिस्कांनीही टळत नाही. 13 ऑगस्ट 2024 च्या विंडोज अद्यतनानंतर अनेकांचे लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ दाखवून अडले, कारण जुना बूटलोडर बाद ठरवणारी नोंद डिस्कवर नव्हे, मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिली गेली होती. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स अद्ययावत करावे. विंडोज पुन्हा टाकून काही साधत नाही.

दुकानात जाताना 16 जीबीचा पेनड्राइव्ह बरोबर न्यावा. त्यावर व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून प्रणाली सुरू करून देणारे साधन) बसवून उबुंटू किंवा मिंट या लिनक्सची फाइल ठेवली की यंत्र जोडून झाल्यावर, पैसे देण्याआधी, काहीही इन्स्टॉल न करता लिनक्स चालवून बघता येते. वाय-फाय दिसतो का, आवाज येतो का, यंत्र झोपवून परत उठते का, दोन्ही डिस्क यादीत आहेत का, एवढे पाहायला पंधरा मिनिटे लागतात. दुकानदाराने कुरकुर केली तर करू द्यावी.

बिलावर 18 टक्के जीएसटी दाखवलेला हवा, प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक हवा, विंडोजचा परवाना वेगळ्या ओळीत हवा. तो ओईएम (नव्या यंत्रासोबत येणारा) असेल तर त्याच मदरबोर्डाशी बांधलेला असतो, रिटेल (सुटा घेतलेला) असेल तर पुढच्या यंत्रावर नेता येतो. वॉरंटीचा भाग गोव्यातच बदलून मिळेल की कुरिअरने राज्याबाहेर पाठवावा लागेल आणि ते भाडे कोण भरणार, हेही बिलामागे लिहून घ्यावे. मदरबोर्डाच्या सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण दुकानदार सवयीने केरात टाकतात. एएम5 आणि इंटेलच्या बोर्डांवर पिना सॉकेटमध्ये असतात, आणि झाकणाशिवाय पाठवलेला बोर्ड वॉरंटीत नाकारला जाऊ शकतो. ते मागून घेऊन खोक्यातच ठेवावे.

आपला,
संगणक जोडणारा एक वाचक,
फोंडा