'ॲडव्हाइस'चे अनेकवचन

संपादक महोदय,

'ॲडव्हाइस' या इंग्रजी नामाचे अनेकवचन होत नाही, असे विद्यार्थ्यांकडून सरसकट पाठ करून घेतले जाते. नियम सोपा आहे, पण अपुरा आहे. या नामाचे अर्थ दोन आहेत आणि नियम लागू होतो तो एकालाच.

'सल्ला' या अर्थी हे नाम मोजता येत नाही. म्हणून 'ॲन ॲडव्हाइस', 'मेनी ॲडव्हाइसेस' आणि ई-मेलच्या शेवटी हमखास दिसणारे 'थँक्स फॉर युअर ॲडव्हाइसेस', तिन्ही चूक. मराठीत आपण एक सल्ला, दोन सल्ले असे बिनदिक्कत मोजतो. तीच सवय इंग्रजीत उतरते. मोजायचेच असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस'. म्हणजे अनेकवचन 'पीस'चे होते, 'ॲडव्हाइस' जागचे हलत नाही. बोलताना 'अ बिट ऑफ' चालते. 'अ वर्ड ऑफ ॲडव्हाइस' म्हटले की बहुधा सावधगिरीचा इशारा येणार, हे ओळखावे. प्रमाण सांगायला 'सम', 'लिटल', 'अ लॉट ऑफ'. नकारार्थी वाक्यात 'मच'. तरीही परिच्छेदभर 'पीस ऑफ' लिहिणे कानाला खटकते. अशा वेळी सरळ 'सजेशन' किंवा 'टिप' घ्यावे, ती नामे मोजता येतात.

क्रियापद एकवचनी आणि सर्वनाम 'इट'. 'द ॲडव्हाइस ऑफ द डॉक्टर्स' यानंतर 'वॉज' हवे. शेजारच्या 'डॉक्टर्स'कडे पाहून 'वेअर' लिहिले जाते. कर्ता 'ॲडव्हाइस' आहे, डॉक्टर नव्हेत.

आता दुसरा अर्थ. बँकेत आणि व्यापारात 'ॲडव्हाइस' म्हणजे व्यवहार झाल्याची लेखी सूचना: 'क्रेडिट ॲडव्हाइस', 'पेमेंट ॲडव्हाइस'. हा एक कागद आहे, मोजता येतो. तिथे 'टू पेमेंट ॲडव्हाइसेस' शंभर टक्के बरोबर, आणि तो शब्द खोडून 'पीसेस ऑफ' लिहिणारा अतिदक्ष तपासनीस चूक. (जुनी इंग्रजी वृत्तपत्रे तर दूरदेशांहून आलेल्या बातम्यांनाही 'ॲडव्हाइसेस' म्हणत.)

स्पेलिंगचा घोळ वेगळाच. नामात 'सी', क्रियापदात 'एस'. उच्चारही बदलतो: नामाच्या शेवटी स्पष्ट 'स', क्रियापदाच्या शेवटी 'जरा'मधल्यासारखा 'ज'. 'डिव्हाइस' आणि 'डिव्हाइज' ही जोडी अगदी अशीच चालते. 'प्रॅक्टिस'मध्ये मात्र कान कामाला येत नाही. ब्रिटिश लेखनात तिथेही नामाला 'सी', क्रियापदाला 'एस' असा भेद आहे, पण उच्चार एकच. अमेरिकी लेखनात दोन्हीकडे 'सी'. 'ॲडव्हाइस'ला ही सवलत नाही, अटलांटिकच्या दोन्ही काठांवर भेद पाळावाच लागतो.

वाक्यात नामापुढे विषय सांगताना 'ऑन' किंवा 'अबाउट' येते. 'डॉक्टरांच्या सल्ल्यावरून' हे 'ऑन द डॉक्टर्स ॲडव्हाइस', आणि सल्ला डावलून असेल तर 'अगेन्स्ट'. क्रियापद वापरताना 'मला' या शब्दातला 'ला' आड येतो आणि 'ही ॲडव्हाइज्ड टू मी' असे लिहिले जाते. हवे ते 'ही ॲडव्हाइज्ड मी टू वेट'. 'सजेस्ट'चे नेमके उलटे: 'ही सजेस्टेड मी टू वेट' चालत नाही, 'ही सजेस्टेड दॅट आय वेट' किंवा 'आय शुड वेट' असे वाक्य करावे लागते.

आपला,
एक वाचक