वाईट दिवसाचं किमान

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "मन थाऱ्यावर नसतानाही काम करत बसतेस. एक दिवस सोडलंस तर काय बिघडेल?" मागून बाबांचा आवाज आला, "माझ्यासारखं कर म्हणावं. जमत नाही त्या दिवशी सोडून द्यायचं, संपलं." तुझी काळजी आणि बाबांचं ते "संपलं", दोन्ही तेव्हापासून डोक्यात आहे. फोनवर मी सांगायला गेले की तू आणखी काळजीत पडतेस आणि बाबा विषय बदलतात, म्हणून सविस्तर लिहितेय. सावकाश वाचा.

आधी हे सांगून टाकते, ताप असेल तर मी झोपते. कामाला हातही लावत नाही. मी बोलतेय ते वेगळ्या दिवसांबद्दल. रात्रभर झोप लागलेली नसते, कुणाचं तरी बोलणं जिव्हारी लागलेलं असतं, किंवा कारण काहीच नसतं आणि तरी सकाळपासून कशातच जीव रमत नाही. असे दिवस सगळ्यांनाच येतात आणि पुढेही येत राहणार. ते सगळे रिकामे सोडले तर काम मागे पडतं, हे खरंच आहे. पण मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. "मी करते" असं कुणाला सांगताना आपल्यालाच आपली खात्री वाटेनाशी होते.

बऱ्याच जणांचा समज असा की स्वतःचा दर्जा वाढवायचा म्हणजे चांगल्या दिवशी आणखी रेटायचं. मला ते पटत नाही. झोप झालेली असताना, मन शांत असताना कुणाचंही काम बरं होतं. त्यात आपलं कर्तृत्व किती आणि त्या दिवसाची कृपा किती, हे सांगता येत नाही. सगळ्यात वाईट दिवशी आपल्या हातून काय होतं, ती आपली खरी पातळी. वाढवायची तर तीच वाढवायची. आई, मी स्वतःला ताणतेय असं तुला वाटतं, पण मी वरचं टोक ओढत नाहीये. खालची पातळी थोडी थोडी वर आणतेय.

माझ्या कामातलंच सांगते, म्हणजे नेमकं कळेल. पुस्तकाची प्रूफं वाचताना थकलेला डोळा छापलेलं वाचत नाही, छापलेलं असायला हवं ते वाचतो. कागदावर 'परिक्षा' असतं आणि आपण बिनदिक्कत 'परीक्षा' वाचून पुढे जातो. १,०८० च्या जागी १,८०० पडलेलं असतं आणि दोन्ही आकडे ओळखीचे वाटतात. चांगल्या दिवशी हे आपोआप खटकतं. वाईट दिवशी खटकत नाही, आणि खटकत नाही हेही कळत नाही. म्हणून त्या दिवसांसाठी माझी पद्धत ठरलेली आहे. ओळीखाली पट्टी धरायची, खालचा मजकूर कोऱ्या कागदाने झाकायचा, आकडे एकेक करून मोठ्याने वाचायचे आणि मूळ प्रतीशी ताडून बघायचे. अशी चार पानं. चारच, पण त्यात सवलत नाही. पाचवं पान करावंसं वाटलं तर करायचं, नाही वाटलं तर पेन खाली ठेवायचं आणि मनाला टोचणी लावून घ्यायची नाही.

वाईट दिवशी पानं कमी होतात, पण त्या चार पानांतली एकही वेलांटी "आज बरं नव्हतं" म्हणून सुटायची नाही. कामाचं प्रमाण कमी करायला मी तयार आहे, चोखपणा कमी करायला नाही. पुस्तक ज्याच्या हातात जाईल त्याला त्या दिवशी मला झोप लागली होती की नाही, याच्याशी काय देणंघेणं?

याच नियमाचा दुसरा भाग म्हणजे त्या दिवशी काय करायचं नाही. वाक्याचा अर्थ संदिग्ध असेल, आकृती काढून टाकावी की ठेवावी असा प्रश्न असेल, तर पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि निर्णय दुसऱ्या सकाळी घ्यायचा. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी माणसांना सलग जागं ठेवून त्यांच्या चाचण्या घेतल्या. १७ तास जागरण झालेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. मी कधीच दारू पिऊन प्रूफं वाचायला बसणार नाही, मग रात्रभर तळमळून काढल्यावर भराभर निर्णय का घ्यायचे? राजीनामा, मोठी खरेदी, कुणाला तरी खरमरीत उत्तर, हे सगळं त्याच पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हाखाली.

कामाखेरीज आणखी एक किमान मी ठरवलंय, आणि ते मला पानांपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. माझ्या उत्तराची वाट बघणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही. काम झालं नसेल तर "आज होत नाही, परवा दुपारपर्यंत देते" एवढं तरी कळवायचं. आणि माझ्या मनःस्थितीचा त्रास समोरच्या माणसाला द्यायचा नाही. चार पानं अचूक वाचली आणि हाताखालच्या मुलीवर खेकसले, तर तो दिवस मी जमेत धरणार नाही.

हे सगळं मी चांगल्या दिवशी, शांतपणे बसून लिहून ठेवलंय, कारण वाईट दिवशी मन वकिली फार छान करतं. "आज नको" याच्या बाजूने इतके मुद्दे काढतं की खोडून काढता येत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी विचारच करायचा नाही, आधी ठरलेलं करायचं. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. नुसतं "मी करीन" म्हणण्यापेक्षा "अमुक वेळ आली की मी तमुक करीन" असं नेमकं ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम होण्याची शक्यता जास्त असते. माझं वाक्य साधं आहे: नऊ वाजले आणि बसावंसं वाटत नसेल, तर पट्टी काढून पहिलं पान समोर घ्यायचं. पुढचं त्या वाक्यात नाही. बहुतेक वेळा तेवढ्याने गाडी सुरू होते.

मूड आला की काम करू, असं आपण म्हणतो, पण क्रम बऱ्याचदा उलटा असतो. नैराश्यावरच्या उपचारांत १९७० च्या दशकापासून पीटर लेविन्सन आणि नंतर इतरांनी हेच वापरलं. बरं वाटेपर्यंत थांबायचं नाही, आधी छोटी, ठरलेली कृती करायची, मन हळूहळू मागून येतं. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नुसत्या कृतीवर भर देणारा उपचार विचारांवर काम करणाऱ्या पूर्ण उपचाराइतकाच परिणामकारक ठरला.

चार पानांवर मी एकदम आले नाही. सुरुवातीला वाईट दिवसाचं किमान म्हणजे फक्त गठ्ठा उघडून कालची खूण शोधणं. ते इतकं सवयीचं झालं की न केल्यास चुकल्यासारखं वाटू लागलं, तेव्हा एक पान केलं. मग दोन. जे अंगवळणी पडलंय त्याच्यावरच पुढचं चढवायचं. एखादा दिवस हुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. दुप्पट करायला गेलं की तो दिवसही वाईट होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाचं गणित २५४ पर्यंत गेलं. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. बाबा, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. तुमच्याकडे येतेच आहे.

त्याआधी आई, तुझ्याबद्दल. तुझी अर्धशिशी मला आठवते. खिडक्या बंद, कपाळाला घट्ट रुमाल, डोळ्यांवर हात. त्या दिवशी तू काही बोलायची नाहीस. पण मी शाळेतून आले की डोळे अर्धवट उघडून माझी वही मागायचीस, सही करायचीस आणि "आज नवीन काय?" एवढं विचारायचीस. मी सांगेपर्यंत डोळे मिटून ऐकायचीस. दुसरं काही नाही झालं तरी हे झालंच पाहिजे, हे तू मनाशी पक्कं केलं होतंस. वाईट दिवशी काय टिकवायचं ते मी तिथूनच उचललं.

पण एक गोष्ट मला मोठी झाल्यावर दिसली, आणि ती सांगितल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. वही तेवढी तुझी होती. बाकीचं सगळं, उठून घर आवरणं, येणाऱ्याजाणाऱ्याचं करणं, कुणाला काही कमी पडू न देणं, ते तुझ्यावर लादलेलं होतं. तुझं किमान इतरांनी ठरवलं आणि ते चांगल्या दिवसाइतकंच उंच ठेवलं. त्यात तुला विसावा घ्यायची मुभाच नव्हती. म्हणून "एक दिवस सोड" असं तू मला म्हणतेस तेव्हा त्यामागे काय आहे ते मला कळतं. मी सांगतेय ते त्याच्या उलट आहे. माझं किमान मी ठरवलंय, ते छोटं आहे, आणि ते झालं की मला झोपायचा पूर्ण हक्क आहे. तुलाही आता तसंच मिळायला हवं. कशाकशाला तू नाही म्हणणार, त्याची यादी आपण दोघी बसून करू.

आता बाबा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला व्यायामाचा अख्खा तक्ता दिलाय, आणि बरं वाटतं त्या दिवशी तुम्ही तो पुरा करता, एखादा प्रकार जास्तच. दुखतं त्या दिवशी मात्र काहीच नाही. आईने सांगितलं मला. मग दुसऱ्या दिवशी सांधा आणखी आखडतो, मग त्याही दिवशी नको वाटतं, आणि असे तीनचार दिवस जातात. तुम्ही आयुष्यभर मुलांना जीवशास्त्र शिकवलंत. न वापरलेला स्नायू किती लवकर वाळतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या लाडक्या डार्विनचंच उदाहरण घ्या. माणूस वर्षानुवर्षं आजारी. शिंपल्यासारख्या कवचातल्या त्या बार्नकल प्राण्यांवर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं काम केलं, आणि त्यातली सुमारे दोन वर्षं आजारपणात गेली असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पण दिवसभर राबण्याच्या भानगडीत तो पडला नाही. सकाळचे थोडे तास, छोट्या छोट्या बैठका, मधे विश्रांती, आणि बराचसा दिवस फिरण्यात, पत्रांत, पडून राहण्यात. तब्येत सुधारेल तेव्हा बघू म्हणत तो थांबला असता, तर १८५९ चं उत्क्रांतीवरचं ते पुस्तक आपल्या हाती आलं असतं का?

मला तुमच्याकडून सगळा तक्ता नकोय. फिजिओथेरपिस्ट येतील तेव्हा त्यांना एवढंच विचारा: "दुखतं त्या दिवशी यातलं कमीत कमी काय केलं तरी चालेल, आणि किती दुखलं तर थांबून तुम्हाला फोन करायचा?" कदाचित पडल्या पडल्या घोटा वरखाली हलवणं आणि गुडघा सरळ ठेवून मांडी आवळून धरणं, एवढंच सांगतील. ते काहीही सांगोत, त्यांच्याच हाताने वेगळ्या कागदावर लिहून घ्या. मी इथून अंदाजाने सांगितलेलं करू नका. तो कागद तक्त्याच्या शेजारी लावा. ज्या दिवशी तक्ता जमणार नाही, त्या दिवशी तो कागद. आणि तो झाला की तो दिवस भरला, त्यात कमीपणा काही नाही.

एक सावधगिरी दोघांसाठी. हे सगळं अधूनमधून येणाऱ्या वाईट दिवसांसाठी आहे. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, झोप आणि भूक बदलली, तर ते किमान वाढवून सुटणारं दुखणं नाही, तिथे डॉक्टरच लागतात. बाबा, मोठ्या ऑपरेशननंतर असं काहींना होतं. तुमचं ते "संपलं" मी त्यामुळेच इतकं मनावर घेतलं. तसं काही असेल तर आईला सांगा, नाहीतर मला. माझ्या बाबतीत असं झालं तर मीही लपवणार नाही, हा माझा शब्द.

आई, फिजिओथेरपिस्ट पुढच्या वेळी कधी येणार ते कळव. त्या वेळी मी फोनवर असेन, म्हणजे बाबांनी विचारायचं टाळलं तर मी विचारीन. आणि तुझी यादी सुरू कर. पहिल्या दोन गोष्टी तू लिही, पुढच्या मी सुचवते.

तुमची,
धाकटी