भाताच्या तणनाशकाचा दिवस चुकू नये

मा. संपादक महोदय, स.न.वि.वि.

ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या डबरा-भितरवार पट्ट्यात भाताची लावणी तोंडावर आली आहे, म्हणून हे पत्र. डबऱ्याजवळची आमची थोडी वडिलोपार्जित जमीन बटाईने दिलेली आहे. गेल्या वर्षी लावणीला बारा दिवस झाले असताना मी तिथे गेलो, तेव्हा आमचे बटाईदार बांधावर बसून घमेल्यातल्या वाळूत ब्यूटाक्लोर हे तणनाशक कालवीत होते, तेही उघड्या हातांनी. रॉकेलसारखा उग्र दर्प येत होता आणि भाताच्या ओळींमधून सावा हे तण बोटभर वर आलेले दिसत होते. दुकानदाराने 'गवत जास्त असेल तर दुप्पट टाका' एवढेच सांगितले होते. पावतीही दिली नव्हती.

ब्यूटाक्लोर तण उगवण्यापूर्वी टाकायचे औषध आहे. ते फुटणाऱ्या अंकुराची वाढ रोखते. तीन पानांवर आलेल्या साव्याचे, मात्रा दुप्पट केली तरी, त्याने फारसे बिघडत नाही. लावणीनंतर 3 ते 5 दिवसांत, शेतात उथळ पाणी असताना आणि ते पाणी बांधाबाहेर जाऊ न देता, 50 ईसी (50 टक्के तीव्रतेचे, पाण्यात मिसळणारे) औषध हेक्टरी 2.5 ते 4 लिटर या मर्यादेतच वापरायचे असते. उगवलेल्या तणावर बिस्पायरीबॅक सोडियम हे दुसरे तणनाशक चालते, पण ते पाणी काढून फवारतात आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाणी भरतात. एका औषधाला पाणी हवे, दुसऱ्याला नको. हा फरक दुकानात कोणी सांगत नाही. गेल्या वर्षी औषध टाकले त्या रात्री मोठा पाऊस झाला, बांध फुटला आणि आमच्या शेतातले पाणी खालच्या तळ्यात गेले. ब्यूटाक्लोर माशांना घातक आहे, आणि त्या तळ्यावर तीन कुटुंबे मासेमारी करतात.

मे 2020 मध्ये केंद्र सरकारने 27 कीडनाशकांवर बंदीचा जो मसुदा काढला, त्यात ब्यूटाक्लोरचेही नाव होते. निंदणीला माणसे मिळत नाहीत हे रोज पाहत असल्यामुळे मी बंदी मागत नाही. बाटलीसोबतचे माहितीपत्रक हिंदीत असते खरे, पण ते इतक्या बारीक अक्षरांत असते की शेतात उभे राहून कोणाला वाचता येत नाही. म्हणून कृषी विभागाने आणि येथील कृषी विद्यापीठाने लावणीपूर्वी प्रत्येक दुकानात ठळक हिंदीत फलक लावावा: कोणते औषध, लावणीनंतर कितव्या दिवशी, किती पाण्यात. हातमोजे आणि पक्की पावती दिल्याशिवाय तणनाशक विकले जाऊ नये, आणि ही तपासणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात व्हावी. ऑगस्टमध्ये केलेल्या तपासणीचा या हंगामात काही उपयोग नाही.

आपला,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर