तुमच्या विहिरीवरचं महाळुंग अजून आहे का रे?

सांगली,
रविवार सकाळ

अरे सुन्या,

फोनवर सांगायला घेतलं की तू मधेच ऊसदराचं काढतोस, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. पोराकडं अमेरिकेला होतो ना, तर एका सुट्टीला त्यानं विचारलं, बाबा कुठं जायचं, आणि मी म्हटलं संत्र्याचं म्युझियम बघायचंय. बघतच राहिला माझ्याकडं.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला रिव्हरसाइड म्हणून गाव आहे, तिथं सरकारनं जुन्या संत्रा-लिंबाच्या बागा राखून ठेवल्यात, कॅलिफोर्निया सिट्रस स्टेट हिस्टॉरिक पार्क, आणि आत छोटंसं म्युझियम. मला सगळ्यात आवडली ती पेट्यांवरची लेबलं. रंगीत चित्रं, डोंगर, बायका, पक्षी, काय वाट्टेल ते. लांबच्या लिलावात व्यापाऱ्याची नजर पडावी म्हणून लाकडी पेटीवर चिकटवायचे, १९५० च्या सुमाराला पुठ्ठ्याचे खोके आले आणि संपलं. मला आपली तासगावची सुट्टी आठवली, द्राक्षाच्या पेट्यांवर कागद डकवत बसायचो, बोटांना खळ, आणि तू निम्मी लेबलं उलटी लावायचास. आपण एक तरी जपून ठेवलं का?

पण खरी गोष्ट गावातल्या एका चौकातली. तिथं एक झाड आहे. ब्राझीलच्या बाहियातल्या बिनबियांच्या नेव्हल संत्र्याची रोपं सरकारी शेतीखात्यानं एलायझा टिबेट्स नावाच्या बाईला पाठवली, तिनं ती १८७३ ला लावली, त्यातलं हे उरलेलं. बीच नाही म्हटल्यावर डोळे भरूनच, म्हणजे त्याचा अंकुर दुसऱ्या रोपावर बांधूनच वाढवायचं, त्यामुळं कॅलिफोर्नियाचा सगळा नेव्हलचा धंदा त्या दोन-तीन रोपांवर उभा राहिला बघ. मधे मुळं कुजायला लागली तर १९१८ ला शेजारी नवी रोपं लावून ती खोडाला जोडली, म्हणजे म्हाताऱ्याला नवे पाय बसवले (माझ्या गुडघ्याला कोण बसवतंय!). आता ग्रीनिंग म्हणून संत्र्या-लिंबाची झाडं मारणारा रोग आहे, तो पसरवणारा किडा येऊ नये म्हणून सगळ्या झाडालाच जाळी घातलीय. एका झाडासाठी एवढं! मी जाळीबाहेर उभा, आणि डोळ्यासमोर तुमच्या मळ्यातल्या विहिरीवरचं महाळुंग, ते जाड सालीच्या मोठ्या लिंबांचं झाड.

परत आल्यावर वाचत बसलो तर कळलं, या सगळ्या फळांचं माहेर हिमालयाच्या पायथ्याला, आसाम-ब्रह्मदेशाकडं, २०१८ ला जनुकं तपासून काढलंय. महाळुंग, पपनस आणि मँडरिन (सैल सालीचं संत्रं) ही मूळ घराणी, त्यांच्यातच सोयरिकी होऊन आंबट संत्रं झालं, आणि त्याचा महाळुंगाशी संकर होऊन ते पिवळं लेमन. आपलं कागदी लिंबूसुद्धा एका बाजूनं महाळुंगाचंच. म्हणजे कोल्हापूरला आपण दर नवरात्रात जातो, अंबाबाईच्या उजव्या हातात महाळुंग असतं, हात जोडतो आणि भेळ खायला पळतो. लिंबाचा आजा तो, आणि आपल्या पोरांना दाखवलं तर म्हणतील ओबडधोबड मोठ्ठं लिंबू आहे.

तुझी आजी त्याच्या जाड सालीचा पाक करायची, रस कुठं फारसा निघतोय त्यातून. आम्ही वाटीला बोटं घालायचो म्हणून फुंकणी घेऊन मागं लागायची. मागच्या वेळी तू म्हणालास विहिरीवर मोटार बदलली, केबलसाठी कडेचं जरा साफ केलं. हे 'जरा साफ' म्हणजे काय ते नीट सांग. झाड असेल तर भावाला फोन करून सांग कुऱ्हाड लावू नको म्हणून, आजच कर. पावसाळा लागला की साताऱ्याहून तू ये, मी इथनं येतो, दोन-चार गुट्या बांधू, फांदीलाच मुळं फुटली की नवी रोपं होतील. शेवाळ मी आणतो, सुतळी आणि प्लॅस्टिक तू बघ.

तुझा,
बंड्या