वाढत्या वयाचं नृत्य: रचना बदला

मा. संपादक,

वय वाढल्यावर नर्तकाने थांबावं की नाचत राहावं, यावर पुष्कळ बोललं जातं. रचना कशी बदलावी, यावर फारच कमी. नृत्यरचनाकार यिरी किलियान यांनी १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये चाळिशीपुढच्या नर्तकांचा स्वतंत्र संच उभारला, तेव्हा त्यांच्यासाठी नव्या रचना बांधल्या गेल्या. तोच खरा मार्ग आहे.

सर्वाधिक त्रास उडीनंतर खाली येताना होतो. पोटरीचे स्नायू झटका पूर्वीसारखा पचवत नाहीत आणि भार गुडघ्यावर येतो. म्हणून आठ उड्यांऐवजी दोनच ठेवाव्यात. त्याही अंग तापल्यावर, पण दम लागण्याआधी. उतरताना आधी चवडा, मग टाच, त्याच ओघात गुडघा वाकलेला. हा क्रम चुकला की जमिनीवर ‘धप्’ असा आवाज येतो. तालमीत संगीत बंद करून तो ऐकावा.

तरुणांची रचना नुसती संथ करून देणं ही सर्रास होणारी चूक. लय संथ झाली की एका पायावर उभं राहण्याचा वेळ वाढतो, आणि तोल तर आधीच कमी झालेला असतो! गिरकीनंतर लगेच स्थिर मुद्रा नको. मध्ये दोन मात्रा पावलं टाकू द्यावीत. त्या पावलांतही नजर आणि खांदे बोलत राहिले की प्रेक्षकाला खंड जाणवत नाही.

अंग तापवायला वीस-पंचवीस मिनिटं हवीतच. दुसऱ्या दिवशी सकाळीही सांधा दुखत असेल, तर पुढच्या तालमीत उड्या निम्म्या कराव्यात.

– एक नृत्यरचनाकार