ॲमस्टरडॅमच्या ट्राममधल्या कंडक्टरताईंना

स. न. वि. वि.

ताई, तुम्ही हातातला कागद फिरवलात, त्याबद्दल हे पत्र.

मुंबईहून रात्रीचं नऊ तासांचं विमान आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे गेलेलं घड्याळ. अंगात दुपार होत आलेली असते आणि शहरात नुकती सकाळ. स्किपोल विमानतळाच्या खालूनच रेल्वे सुटते, पाव तासात सेंट्रल स्टेशन येतं. तिथपर्यंत सोपं आहे. खरा घोळ स्टेशनाबाहेर सुरू होतो.

छापील नकाशात उत्तर दिशा वर असते. म्हणून स्टेशन वरच्या टोकाला आणि कालवे त्याच्या खाली. आपण मात्र शहराच्या बाजूच्या दारातून दक्षिणेला तोंड करून बाहेर पडतो, म्हणजे नकाशातली डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. झोप झालेला माणूस हे मनातल्या मनात उलटं करू शकतो. रात्रभर जागलेल्याला ते जमत नाही. फोनवर विसंबावं, तर एकमेकांना चिकटून उभ्या उंच घरांमध्ये निळा ठिपका भरकटतो आणि कालव्याच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसतो. चुकीचा काठ म्हणजे पुढच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, विटांच्या रस्त्यावर बॅगा ओढत, सोबत सत्तरीतले आईवडील.

ज्यांच्याकडून घर बुक केलं होतं, त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ‘ट्राम स्टॉपपासून दोन मिनिटं’ एवढा एक मेसेज. कुठला काठ, पुलाच्या अलीकडे की पलीकडे, जिना किती उभा, काही नाही. फोनही उचलला नाही. पैसे भरेपर्यंत मात्र हेच लोक दिवसातून दोनदा चौकशी करत होते.

आणि तुम्ही! पत्ता वाचलात, पावतीच्या मागे पेनाने कालव्यांचे चार अर्धगोल काढलेत. सगळ्यांत आत सिंगल, जुन्या शहराचा खंदक. मग हेरनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सनग्राख्त, १६१३ पासून खणत गेलेले. आतून बाहेर इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने एच, के, पी, हे तुम्ही बोटावर मोजून दाखवलंत. मग आईकडे पाहिलंत, कागद उलटा केलात, स्टेशन तिच्या पोटाशी आणलंत. कालवे तिच्यासमोर प्रभावळीसारखे उभे राहिले, उजवीकडचं उजवीकडे, डावीकडचं डावीकडे. कागद तुम्ही माझ्या हातात न देता तिच्या हातात दिलात. सगळ्यांत जास्त धास्तावलेली तीच होती, आणि त्या क्षणापासून वाट तिने दाखवली.

पत्त्याचं गणितही तुम्ही तिथेच सोडवलंत. या तिन्ही कालव्यांवर घरांचे नंबर ब्राउअर्सग्राख्त या आडव्या कालव्याच्या टोकाला सुरू होतात आणि आम्स्टल नदीकडे वाढत जातात. विषम नंबर शहराच्या आतल्या काठावर, सम नंबर बाहेरच्या. समोरासमोरच्या घरांचे नंबर जुळतील असं धरून चालायचं नाही. आमचा नंबर कायझर्सग्राख्तवरचा, सम. म्हणजे बाहेरच्या काठावरचा, आणि वेस्टरमार्क्टचा स्टॉपही त्याच बाजूला, तेव्हा उतरल्यावर पूल ओलांडायचाच नाही. फोन मात्र शेवटपर्यंत ओलांडा म्हणत होता.

उतरताना प्रत्येकाने भाड्यासाठी आपापलं बँकेचं कार्ड यंत्राला पुन्हा टेकवायला तुम्ही लावलंत, चढताना जे टेकवलं तेच. एकच बँक खातं असलं तरी फोन आणि प्लॅस्टिकचं कार्ड यंत्राला वेगवेगळे वाटतात, आणि टेकवायचं राहिलं की जादा पैसे कापले जातात. बाबांचं राहणारच होतं. मग दार उघडण्याआधी तुम्ही लालसर डांबराच्या पट्ट्याकडे बोट केलंत. तो सायकलींचा रस्ता. तो पदपथ समजून नवखे लोक बॅगा घेऊन त्यावरच थांबतात, आणि सायकली काही हळू येत नाहीत.

माहिती त्या शहरात जागोजागी लावलेली आहे. समोरचा माणूस कुठे तोंड करून उभा आहे आणि किती थकला आहे, हे पाहून ती देणारी माणसं कमी असतात. तुमच्या कामाच्या यादीत हे कुठेही लिहिलेलं नसणार. तुमच्यामागे रांग होती, तरी तुमचा आवाज एकदाही चढला नाही. अशा माणसांमुळे परक्या गावात म्हाताऱ्या जिवांना धीर येतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

घर भाड्याने देणाऱ्यांनाही एक विनंती. पत्त्यासोबत काठ, स्टॉपवरून पूल ओलांडायचा की नाही, आणि जिन्याच्या पायऱ्या किती उभ्या आहेत, एवढं तरी कळवा. या घरांच्या माथ्यावर सामान ओढून घ्यायची तुळई आणि आकडा उगाच नाहीत. जिने इतके अरुंद की मोठं सामान पूर्वीपासून खिडकीतूनच वर जातं. आम्ही चार बॅगा एकेक करून चढवल्या.

ताई, त्या सकाळी तुमची ट्राम थोडी उशिरा सुटली. त्याबद्दल कुणी तुमच्या वरिष्ठांकडे तक्रार केली असेल, तर तिच्यासोबत हे पत्रही ठेवावं, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
मुंबईची एक प्रवासी